स्पीकरच्या कागदी कोनला लेप द्यावा का? दिला तर कशाचा आणि कुठे?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे आठ इंची फुल-रेंज स्पीकरची एक जुनी जोडी आहे. कागदी कोन (म्हणजे हलणारा शंकू), मध्यभागी वरच्या स्वरांसाठी छोटा कागदी व्हिझर, म्हणजे दुसरा छोटा शंकू, कडेला कागदाच्याच चुण्या. वरच्या स्वरांसाठी वेगळा ट्वीटर नाही, स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. गाणं ऐकायला मला हीच जोडी आवडते, गळा अगदी समोर येऊन बसतो. पण गायिका वर चढली की मधूनच एखादा सूर टोचतो. सगळे नाही, ठरावीकच. आवाज मोठा केला की जास्त.

जालावर शोधलं तर कोनला लेप देणारे पुष्कळ सापडले. कुणी पांढरा गोंद पातळ करून लावतं, कुणी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कुणी चित्रकारांचं दमार व्हार्निश. आणि लावल्यावर प्रत्येकाचा आवाज ‘मोकळा’ होतो, ‘पडदा सरतो’. इतक्या वेगवेगळ्या पदार्थांनी एकच परिणाम कसा होईल, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. शिवाय लेप एकदा बसला की निघत नाही, म्हणजे आधी विचारलेलं बरं.

लेपाने नेमकं बदलतं काय? आणि तो सगळीकडे लावायचा की ठरावीक जागी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरगन

शंका रास्त आहे, एकच परिणाम होत नाही.

राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच आपण आजही वापरतो: चुंबकाच्या फटीत कॉइल आणि कॉइलला चिकटलेला कोन. खालच्या स्वरांना अख्खा कोन एकसंध पुढे-मागे होतो. वारंवारता वाढत गेली की कोनचा ताठपणा अपुरा पडायला लागतो. कॉइलने दिलेला धक्का मानेपासून, म्हणजे कॉइलजवळच्या अरुंद टोकापासून, कडेकडे लाटेसारखा जातो, कडेवर आपटून परत येतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा मिळून कोनवर उभी कंपनं तयार होतात. एक पट्टा पुढे येत असताना शेजारचा मागे जातो. यालाच ब्रेकअप म्हणतात. काही वारंवारतांना हे पट्टे एकमेकांचा आवाज खातात, तिथे वारंवारता-पातळीच्या आलेखात खड्डा पडतो. काहींना साथ देतात, तिथे सुळका येतो. तुमचा टोचणारा सूर बहुधा अशाच एका सुळक्यावर बसतोय.

लेपाने कोनचं वजन वाढतं, ताठपणा बदलतो आणि अंतर्गत घर्षण, म्हणजे डॅम्पिंग, बदलतं. कुठला लेप, यावर यातलं काय किती हे ठरतं. चपडा किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर वाळून कडक होतं. त्याने सुळका वरच्या वारंवारतेकडे सरकू शकतो, पण तो बुटका होईलच असं नाही, उलट जास्त टोकदारही होईल. पांढरा गोंद, चित्रकारांचं अ‍ॅक्रिलिक मीडियम, ब्युटाइल रबराची मिश्रणं वाळल्यावरही थोडी मऊ राहतात. ती कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवतात, त्यामुळे सुळका बुटका आणि पसरट होतो.

आता फुल-रेंजची मेख. इथे ब्रेकअप निव्वळ शत्रू नसतो. आठ इंची कागद दहा हजार हर्ट्झपर्यंत पोचतो तो ब्रेकअपच्याच जोरावर. वरच्या स्वरांना बाहेरचा भाग जवळजवळ गप्प बसतो आणि मानेजवळचा भाग व व्हिझर एवढेच काम करतात. अख्खा कोन मढवून टाकलात तर टोचणं जाईल, पण जोडीने वरचे स्वरही जातील आणि ज्यासाठी ही जोडी आवडते तेच हरवेल.

मोजमाप काही केलंय का?

कानसेन

मोजमाप येणारच होतं, एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं :)

ताई, दमार व्हार्निश पातळ करून बिनधास्त लावा. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली ही राळ आहे, ती कागदात मुरते. अगदी हलका हात ठेवायचा, मधे भरपूर वाळू द्यायचं. जुन्या फुल-रेंजवर मी लावलंय, इतरांच्या स्पीकरवरही ऐकलंय. कोरड्या कागदाची जी एक खरखर असते ती जाते आणि तंतुवाद्यं सुटी होतात. व्हायोलिनचं लाकूड कोणी कोरडं ठेवतं का? सी३७ नावाचं एक लॅकरही त्याच परंपरेतून आलंय, त्याची कीर्ती तुम्ही वाचली असेलच.

मोजपट्टी

सी३७ची कीर्ती मीही वाचली आहे. त्यामागची मांडणी अशी की आपला कान ३७ अंश तापमानातल्या कार्बनच्या कंपनांशी जुळलेला असतो, म्हणून तसंच कंपणारा लेप कानाला नैसर्गिक वाटतो. श्रवणशास्त्रात याला कुठेही आधार नाही. लॅकर म्हणून ते लॅकर आहे, कडक वाळतं आणि कागद ताठ करतं. तेवढा परिणाम खरा, बाकी कथा.

मंद्रसप्तक, वजनाचं गणित आधी करून ठेवा. कोन, कॉइल वगैरे हलणाऱ्या भागाचं वजन १० ग्रॅम धरू. आठ इंचीचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंमी. त्यावर वाळलेला १ ग्रॅम लेप समान पसरला तर थर जेमतेम ०.०४ मिमीचा. डोळ्यांना नुसती चमक दिसेल. पण वजन १० टक्के वाढलं. मूळ अनुनाद ५० हर्ट्झ असेल तर तो ४७.७ला येतो, क्यूटीएस (त्या अनुनादाच्या तीव्रतेचा आकडा) ०.४०चा ०.४२ होतो आणि संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला मिळणारा आवाज, सुमारे ०.८ डीबीने घटते. २ ग्रॅम घातले तर जवळपास १.६ डीबी.

हा ०.८ डीबी महत्त्वाचा आहे. एवढा फरक कानाला ‘आवाज कमी झाला’ असा कळत नाही, तो ‘आवाज मऊ झाला’, ‘टोक गेलं’ असा कळतो. लेप लावलेला आणि न लावलेला स्पीकर शेजारी ठेवून पातळी न जुळवता ऐकलं तर तुम्ही लेप ऐकत नाही, व्हॉल्यूमचा खटका ऐकता. जुळवणी ०.१-०.२ डीबीच्या आत हवी, आणि कुठला वाजतोय हे ऐकणाऱ्याला माहीत नको.

कानसेन

म्हणजे इतकी वर्षं इतके लोक व्हॉल्यूमचा खटकाच ऐकत आले?

मोजपट्टी

सगळे नाही. पण तपासलेलं कितीजणांनी, हा प्रश्न आहे. पाणी किंवा सॉल्व्हंट लागल्यावर कडेच्या चुण्या सैल होतात, काही काळ बास थोडा खाली उतरतो, हाही एक खरा बदल आहे. त्याचं श्रेय राळेला जातं.

टिंबटिंब

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे कोनला लेप देण्याचं काम धूळ करते, विनामूल्य.

जुनाबाजार

मी जुने स्पीकर दुरुस्त करतो, तेव्हा थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. लेप म्हणजे हौशी लोकांनी काढलेलं खूळ, असा सूर इथे लागतोय. तसं नाहीये. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच स्पीकरवर कुठे ना कुठे लेप असतोच, फक्त आपल्या लक्षात येत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण बीबीसीचं. १९६०च्या दशकात त्यांच्या संशोधन विभागाने कागद सोडून बेक्स्ट्रीन या प्लास्टिककडे मोर्चा वळवला, कारण कागदाचा एक कोन दुसऱ्यासारखा निघेना, आणि स्टुडिओत जोडीचे दोन्ही स्पीकर हुबेहूब हवेत. बेक्स्ट्रीन दर वेळी सारखं निघायचं, पण त्याचं स्वतःचं डॅम्पिंग पुरेसं नव्हतं. म्हणून त्यावर डोप, म्हणजे डॅम्पिंगचा लेप, चढवायचे. बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरमधला केईएफ कंपनीचा बी११० जवळून पाहा, काळ्या कोनवर तो चकचकीत थर दिसतो. तो लेप त्या रचनेचाच भाग होता, काढला तर स्पीकर पूर्ण वेगळा वाजेल. पुढे १९७०च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन आलं, त्यात डॅम्पिंग मुळातच भरपूर, मग लेपाची गरज संपली. त्या कामातले हारवुड यांनी १९७७ साली हार्बेथ ही स्पीकर कंपनी सुरू केली, ती याच कोनच्या बळावर.

आणखी एक. स्कॅन-स्पीकच्या रेव्हलेटर मालिकेत कागदी कोनला चिरा पाडून त्या मऊ गोंदाने भरलेल्या असतात. कडेकडे जाणाऱ्या लाटेच्या वाटेतच अडथळा आणि शोषक ठेवला. लेप ‘कुठे’ याचं उत्तर यात आहे: सगळीकडे नव्हे, लाट जिथून जाते किंवा जिथे आपटते तिथे.

माझ्या कामात लेप सगळ्यात जास्त लागतो तो मात्र कोनवर नाहीच, कडेवर. १९५४ साली सुरू झालेल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या सुरुवातीच्या वूफरना (खालच्या स्वरांच्या स्पीकरना) कापडी कडा असायच्या, त्या चिकट मिश्रणाने हवाबंद केलेल्या. त्यांच्या पेट्या पूर्ण बंद, आतली हवाच स्प्रिंगचं काम करायची. दशकं उलटली की ते मिश्रण सुकतं, कापडातून हवा गळते आणि बास जातो. तपासायला सोपं: कोन दोन्ही हातांनी हलकेच समान आत दाबा आणि सोडा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश परत येतो. टुणकन आला तर कुठून तरी हवा जातेय. कापडातून जात असेल तर पातळ, न सुकणाऱ्या रबरी मिश्रणाचा हात द्यायचा, आणि बास खरोखर परत येतो. इथे कानसेनरावांनाही पटेल आणि मोजपट्टीताईंनाही.

फोमची कड मात्र लेपाने वाचत नाही. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आतूनच कुजतो. त्यावर काही थापलं की कड जड होते आणि कुजायचं ते कुजतंच. सरळ बदलावी.

सहावी तार

गिटारवाल्यांच्या बाजूने थोडं. आमच्याकडे ब्रेकअप हाच स्पीकरचा आवाज. बारा इंची पातळ कागदी कोन, हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर अगदी मोकाट. कोनला लेप दिला तर गिटार ब्लँकेटखाली गेल्यासारखी वाजते, त्यामुळे कोनला कोणी हात लावत नाही. कडेच्या चुण्यांना मात्र डोप लागतोच. तो नसेल तर काही स्वरांवर ‘कोन क्राय’ येतो: वाजवलेल्या स्वराच्या मागे एक भलताच, सुरात नसलेला स्वर कुंथत राहतो. कड स्वतःच्या तालावर हलते त्याचा तो आवाज. चिकट डोपने तो बराचसा दबतो. डोप जास्त झाला की स्पीकर मरगळतो, हेही तितकंच खरं.

मंद्रसप्तक यांचा ‘ठरावीक सुरांनाच टोचतं’ हा मुद्दा वाचून मला आधी कडच आठवली.

मंद्रसप्तक

बापरे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. मोजमापाचा साधा माइक आहे माझ्याकडे आणि आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर वापरता येतं, पण आलेखात खोलीच जास्त दिसते, स्पीकर कमी. कड की कोन की व्हिझर, हे ओळखायचं कसं?

सोल्डरगन

खोली बाजूला काढता येते. स्पीकर जमिनीपासून आणि भिंतींपासून जमेल तितका लांब, शक्यतो खोलीच्या मधोमध आणि उंचावर ठेवा. माइक अर्धा-पाऊण मीटरवर, व्हिझरच्या अक्षावर. आरईडब्ल्यूमध्ये इम्पल्स (वेळेनुसारचा आलेख) उघडा, भिंतीवरून परतलेला पहिला ठोका कुठे येतो ते बघा आणि खिडकी, म्हणजे हिशोबात धरायचा वेळ, त्याच्या आधी बंद करा. ४ मिलिसेकंदांची खिडकी मिळाली तर २५० हर्ट्झच्या वरचं चित्र विश्वासार्ह. तुमचा प्रश्न त्याच्या बराच वरचा आहे, तेव्हा चालेल. अक्षावर एक आणि मग २०-३० अंश बाजूने एक, असे दोन्ही घ्या. अक्षावरच सुळका असेल आणि बाजूने नसेल तर लेपाआधी स्पीकरचं तोंड जरा वळवून बघा. फुकटातलं औषध आहे ते.

इम्पीडन्स (स्पीकरचा वारंवारतेनुसार बदलणारा विद्युत-विरोध) हाही मोजा. साउंड कार्ड आणि एक रेझिस्टर एवढंच लागतं. अनुनादाचा मोठा डोंगर सोडून पुढची रेघ गुळगुळीत चढायला हवी. मधे कुठे बारीकशी सुरकुती दिसली तर त्या वारंवारतेला काहीतरी यांत्रिक कंपन चाललंय. सहा-आठ इंचींमध्ये हजार हर्ट्झच्या आसपास अशी सुरकुती आणि आलेखात खड्डा दिसला तर कडेवर संशय घ्यायचा. कड त्या वेळी कोनच्या उलट दिशेने हलत असते.

आता मुख्य युक्ती. सुळका ज्या वारंवारतेला आहे तिथला शुद्ध सूर हळू आवाजात लावून ठेवा आणि पातळी आलेखावर बघत राहा. मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्या, कोरडा. तो आळीपाळीने व्हिझरच्या काठाला, डस्ट कॅपला (कॉइलवरच्या मधल्या टोपीला), कोनच्या मधल्या पट्ट्याला, कडेला अलगद टेकवा. जिथे टेकवल्यावर पातळी धपकन पडते, तिथे गुन्हेगार. लेप न लावता लेपाचा परिणाम आधीच दिसतो, आणि ब्रश उचलला की सगळं पूर्ववत.

कानसेन

ही ब्रशची गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. पण मला सांगा, सुळकाच काढायचा असेल तर इक्वलायझरने का नको? तुम्हा आलेखवाल्यांना तर ते सोपं. कशाला गोंद नि लाख?

सोल्डरगन

मुद्दा बरोबर आहे, कानसेनराव, आणि पुष्कळदा तेच उत्तर असतं. कोनचा अनुनाद बहुतांशी मिनिमम-फेज असतो, म्हणजे इक्वलायझरने सुळका नेमका कापला की त्या दिशेने त्याचं लांबलेलं गुंजनही कमी होतं. सिग्नलच्या वाटेत कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टरचा छोटा नॉच (ठरावीक वारंवारताच कापणारा फिल्टर) लावला तरी तेच.

दोन ठिकाणी तो अपुरा पडतो. एक, सुळका वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा असतो. अक्षावर नेमका कापला तर बाजूला खड्डा पडू शकतो. दुसरं जरा सूक्ष्म आहे. मोटर, म्हणजे कॉइल आणि चुंबक, स्वतः विकृती निर्माण करते, त्यात तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट वारंवारतेचा) ठळक. सुळका ६००० हर्ट्झला असेल तर २००० हर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक बरोबर त्यावर येऊन पडतो आणि फुगतो. ही विकृती सिग्नलमध्ये नसतेच, ती कॉइलपाशी जन्मते, त्यामुळे तिच्या आधी बसलेला इक्वलायझर तिला धरू शकत नाही. यांत्रिक डॅम्पिंग मात्र सुळका जिथे तयार होतो तिथेच तो बसवतं, म्हणून गुंजन, दिशा आणि विकृती तिन्हींवर त्याचा काही ना काही परिणाम होतो. लेपाच्या बाजूने सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला हाच वाटतो. आवाज वाढवला की जास्त टोचतं, असं मंद्रसप्तक म्हणाल्या, तेही यात बसतं.

लोखंडी कान

माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियम कोनचे मिडवूफर आहेत, वर मोठा सुळका आहे. मीही गोंद लावू का?

सोल्डरगन

नको. अ‍ॅल्युमिनियमचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, ७० गिगापास्कल, कागदाचा त्याच्या कितीतरी पट कमी. उघड्या पृष्ठभागावरचा मऊ थर ऊर्जा जिरवतो ती स्वतः ताणला-दाबला जाऊन. खालचा पत्रा इतका ताठ असताना ०.०५ मिमीच्या गोंदाच्या वाट्याला फार थोडी ऊर्जा येते. परिणाम दिसावा म्हणून थर जाड केला तर वजनच इतकं वाढेल की संवेदनशीलता बुडेल. धातूचा कोन नॉचने आणि खालच्या क्रॉसओव्हरने हाताळायचा. पॉलिप्रॉपिलीनवर तर गोंद धडपणे चिकटतच नाही, वाळल्यावर पापुद्रे निघतात. लेपाचा खरा खेळ कागदावर.

जुनाबाजार

+१. आणि ट्वीटरच्या कापडी डोमवर काही लावू नका, पुसूही नका. त्यावर आधीच कारखान्याचा चिकट लेप असतो, त्यानेच ते विरळ कापड हवाबंद झालेलं असतं. धूळ बसली म्हणून लोक ओल्या फडक्याने पुसतात आणि लेप ओरबाडला जातो.

मंद्रसप्तक

ब्रशचा प्रयोग केला. खूपच उद्बोधक! सुळका ३००० हर्ट्झच्या थोडा वर आहे, अरुंद आणि उंच. कोनच्या मधल्या पट्ट्याला ब्रश लावला तर जवळपास काही होत नाही. कडेला लावला तर थोडं. व्हिझरच्या मोकळ्या काठाला नुसता टेकवला तरी पातळी झपकन खाली. दुसऱ्या स्पीकरमध्ये सुळका जरा वरच्या वारंवारतेला आहे, पण गुन्हेगार तोच. इम्पीडन्सच्या रेघेत हजारच्या आसपास सुरकुती आहे, ती बारीक.

म्हणजे अख्ख्या कोनला लेप देणं हा इथे वाया खटाटोप झाला असता ना?

मोजपट्टी

वाया आणि वर संवेदनशीलतेत घट. व्हिझरचं तसंच असतं. त्याचा काठ कशालाच जोडलेला नाही, त्यामुळे लाट तिथे पोचली की जवळजवळ पूर्ण परत फिरते. शोषून घ्यायला काही नाहीच.

आता कामाचं. व्हिझरच्या काठावर आतल्या बाजूने ४-५ मिमी रुंदीचा पट्टा, बस. पदार्थ मऊ राहणारा हवा: अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम किंवा सुतार वापरतात तो पांढरा पीव्हीए गोंद. चपडा इथे नको, तो काठ कडक करेल आणि सुळका नुसता वर ढकलेल. दमारही वाळून ठिसूळ होतं, शिवाय टर्पेंटाइन मानेजवळच्या चिकटवणीपर्यंत झिरपलं तर कॉइल सुटण्याची भीती. थिनर, अ‍ॅसिटोन यांचं तर नावच नको.

किती लावायचं हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. पांढऱ्या गोंदात साधारण निम्मं पाणीच असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की घन भाग चतुर्थांश उरतो. म्हणजे ०.४ ग्रॅम ओलं लावलं तर वाळून ०.१ ग्रॅमच राहणार. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. वाटी आणि ब्रश एकत्र वजन करा, लावा, पुन्हा वजन करा. फरक गेला कोनवर. व्हिझर स्वतःच हलका असतो, तिथे दशांश ग्रॅमही बोलतो.

एका वेळी एक पातळ हात. वरून कोरडं वाटलं म्हणजे वाळलं असं नाही, कागदाच्या आत पाणी असतं आणि ओला कागद जड व मऊ असतो. त्याच दिवशी मोजलं तर ओलाव्याचा आलेख मिळेल. रात्र जाऊ द्या, शक्य तर आणखी एक. स्पीकर पेटीबाहेर काढून मगच काम करा आणि चुंबकाजवळ लोखंडाचा कीस, स्क्रू काही ठेवू नका. डस्ट कॅप असेल तर तिला गोंद लागू देऊ नका. विरळ कापडाची असेल तर ती मुद्दाम तशी असते, तिच्यातून आतली हवा ये-जा करते आणि कॉइल थंड राहते.

आणि एकाच स्पीकरला लावा. दुसरा तसाच राहू द्या, तुलनेला.

कानसेन

व्हिझरच्या मागे, म्हणजे तो आणि मुख्य कोन यांच्या फटीत, मऊ लोकरीची किंवा फेल्टची बारीक वळी ठेवूनही पाहा. चिकटवायची नाही, नुसती अडकवायची. हे मी कानाने ऐकलेलं सांगतोय, आलेख मागू नका. पण निघतं तरी!

मोजपट्टी

ते चांगलं आहे की! उलट सुटणारी गोष्ट आधी करून बघावी. वळी इतकी घट्ट नको की कोनला टेकून ओढेल.

टिंबटिंब

मोजपट्टी आणि कानसेन यांचं एकमत. धाग्याची नोंद घ्यावी.

उत्तरयोगी

उशिरा आलो. कोनवर कडेच्या बाजूने रंगाच्या बारीक ठिपक्यांची कडी काढण्याची एक पद्धत आहे, ‘एनॅबल’ म्हणतात. त्याबद्दल कुणाचं मत? वजन अगदी नगण्य वाढतं आणि लोक शपथेवर सांगतात.

सोल्डरगन

त्यावर एकेकाळी परदेशी मंचांवर हजारो प्रतिसादांचे धागे झाले आहेत. ठिपक्यांनी कोनच्या पृष्ठभागालगतच्या हवेचं वर्तन बदलतं, असा दावा होता. ते पटण्यासारखं नाही, कारण त्या पातळीवर हवेचा फरक पडला तरी तो ऐकू येण्याइतका नसावा. रंगाच्या वजनाने आणि त्याखाली लावलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या थराने जे डॅम्पिंग येतं, त्याचा फरक मात्र पडू शकतो. कुणी फक्त थर, फक्त ठिपके आणि काहीच नाही, असे तीन सारखे स्पीकर झाकून ऐकवले तर मी पहिल्या रांगेत बसेन.

मंद्रसप्तक

अपडेट. आधी कानसेनांच्या सांगण्यावरून फेल्टची वळी ठेवली. सुळका थोडा बसला, पण त्यासोबत ८००० हर्ट्झच्या वरचं बरंच गेलं, आवाज झाकोळला. काढून टाकली. मग एका स्पीकरच्या व्हिझरच्या काठाला पातळ गोंदाचा एक हात दिला, वाळू दिला, पुन्हा मोजलं. सुळका दोन-तीन डीबीने खाली आला आणि पसरट झाला. वरचे स्वर जवळपास होते तिथेच. मोनोमध्ये, पातळी जुळवून, घरच्यांना बटण दाबायला बसवून ऐकलं. ज्या सुरांवर टोचायचं तिथे लेपवाला ओळखता येतो. बाकीच्या गाण्यावर मला दोन्हीत फरक सांगता आला नाही. ‘पडदा सरला’ वगैरे काही नाही.

टोचणं पूर्ण गेलेलं नाही. दोन प्रश्न राहिले. त्याच स्पीकरला आणखी एक हात द्यावा का? आणि दुसऱ्याचा सुळका जरा वेगळ्या जागी आहे, तर त्याला तितकाच लेप द्यायचा की दोघांचे आलेख जुळेपर्यंत?

मोजपट्टी

दुसरा हात देण्याआधी २० अंश वळवून ऐका, सोल्डरगन यांनी वर म्हटलंय तसं. उरलेलं टोचणं कदाचित तिथेच सुटेल, किंवा एक छोटा नॉच पुरेल. आता सुळका पसरट झालाय, त्यामुळे नॉचही रुंद आणि सौम्य चालेल, तो नेमका बसवायची कटकट कमी.

दुसऱ्या स्पीकरला वजनाने तितकाच लेप द्या, आलेख जुळवत बसू नका. दोन्ही व्हिझर मुळातच वेगळे आहेत, सुळक्याची जागा लेपाने जुळवायला गेलात तर एका बाजूला जास्त वस्तुमान जाईल आणि वरच्या स्वरांची पातळी डावी-उजवीकडे वेगळी पडेल. गाणारी मधोमध उभी असते ती एका बाजूला सरकेल. जागेतला थोडा फरक चालतो, पातळीतला नाही.

जुनाबाजार

आणि ती हजार हर्ट्झची सुरकुती विसरू नका. कडेच्या चुण्या कागदी आहेत आणि जुन्या आहेत, तेव्हा त्यांवरचा मूळ डोप सुकला असणार. बोटाने स्पर्श करून बघा, अजिबात चिकट नसेल तर न सुकणाऱ्या डोपचा अगदी पातळ हात, फक्त चुण्यांवर, कोनवर नाही. तेही एकाच बाजूला, आणि आधी-नंतर इम्पीडन्स मोजून. आलेख इथे टाका.